गाडी आमची, पाना कुणाचा?

मागच्या पावसाळ्यात आमचे एक धम्मबांधव हातात चलनाचा कागद घेऊन माझ्याकडे आले. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वाडी. वाडीपर्यंत डांबरी रस्ता नाही. शेवटचे चार किलोमीटर म्हणजे चिखल, दगड आणि मधे एक ओढा. म्हणून त्यांनी जुनी फोर-व्हील जीप विकत घेतली. भाजीपाला बाजारात न्यायचा, बाळंतीण बाई असली तर दवाखान्यात पोचवायची, असा तिचा उपयोग. जीपचे काम ते स्वतःच करतात. घराच्या अंगणात जॅक लावून त्यांनी पाट्यांना लांब शॅकल बसवले, त्यामुळे गाडी उंच झाली. चिखलाचे मोठे टायर चढवले. पुढे लोखंडी पाइपचा गार्ड वेल्डिंग केला. तालुक्याच्या रस्त्यावर तपासणीत गाडी अडली. तीन बदल, प्रत्येकी पाच हजार, म्हणजे पंधरा हजार रुपये. ते मला म्हणाले, "जयभीम वकीलसाहेब. गाडी माझी, पैसा माझा, घाम माझा. मग गुन्हा कसला?"

प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र साधे नाही. आंबेडकरी चळवळीच्या पानावर जीपच्या शॅकलची चर्चा कशाला, असेही कुणी विचारेल. मुळात हा प्रश्न शॅकलचा नाहीच. आपल्या मालकीच्या यंत्राचे झाकण उघडण्याचा, ते समजून घेण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार कुणाला, असा हा प्रश्न आहे. म्हणजेच ज्ञानाच्या मक्तेदारीचा प्रश्न आहे. आणि तो आपल्याला नवा नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलाबाबत आहे. १९८८ साली हे कलम आले तेव्हा मालकाने बदलाची सूचना नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची, अधिकाऱ्याने सात दिवसांत उत्तर द्यायचे आणि उत्तर न आल्यास मंजुरी मिळाली असे समजायचे, अशी तरतूद होती. म्हणजे कायदा मालकावर विश्वास ठेवत होता आणि काम वेळेत करण्याचे ओझे सरकारी कार्यालयावर टाकत होता. २००० सालच्या दुरुस्तीने ही दिशा उलटी केली. उत्पादक कंपनीने मुळात जो तपशील ठरवला त्याच्याशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करूच नये, असे कलम आता सांगते. इंधन बदलाचे किट वगैरे अपवाद तेवढे ठेवले.

केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा रचनात्मक बदल करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ रद्द केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही!

आमच्या धम्मबांधवांना मी हे सारे समजावून सांगितले. पण याच कलमातील आणखी दोन गोष्टीही सांगितल्या. त्या फारसे कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट. कलमाच्या स्पष्टीकरणात 'बदल' या शब्दाची व्याख्या आहे. वाहनाचे मूलभूत स्वरूप बदलेल असा रचनेतील फेरफार म्हणजे बदल. याचा अर्थ प्रत्येक दुरुस्ती हा गुन्हा नव्हे. घासलेला क्लच बदलणे, ब्रेकचे लायनर घालणे, पाट्यांचे बुश बदलणे, गिअर ऑईल बदलणे, वायरिंग नीट करणे ही देखभाल आहे. ती मालकाने स्वतःच्या हाताने केली म्हणून बेकायदा होत नाही. चौकात अडवून "हे तुम्ही घरी का केले?" असे विचारणाऱ्याला आधी हा फरक माहीत पाहिजे, आणि त्याच्याही आधी तो आपल्याला माहीत पाहिजे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २०१९ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी वाहन अनुकूल करून घेण्याची मुभा दिली. नियमांतील अटी पाळून मालकाने आधी बदल करायचा आणि मंजुरी नंतर घ्यायची, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण मग एक गोष्ट सिद्ध झाली. आधी काम, मग तपासणी, मग मंजुरी हा मार्ग कायद्याला अशक्य वाटत नाही. जो मार्ग एका गरजेसाठी खुला होतो तो डोंगरातल्या वाडीच्या गरजेसाठी का खुला होऊ नये?

दुसरी बाजूही खरी आहे

तथापि, भावनेच्या भरात एक चूक आपण करू नये. कायद्यामागचे कारण खोटे नाही. गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती कलंडण्याचा धोका वाढतो. मोठे टायर घातले की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि तेच जुने ब्रेक जास्त वजनाचे चाक थांबवताना अपुरे पडतात. शॅकल लांब केले की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर तुटतो. चॅसीवर जिथे-तिथे वेल्डिंग केले तर तापलेली जागा कमकुवत होते. पुढच्या लोखंडी गार्डचे तर बोलूच नका. धडक बसल्यावर दबून धक्का शोषून घ्यावा अशी गाडीच्या पुढच्या भागाची रचना असते. गार्डमुळे तो धक्का सरळ चॅसीवर येतो, एअरबॅगच्या सेन्सरचा हिशोब चुकतो, आणि समोर पायी चालणारा माणूस असेल तर त्याचा जीव जातो. म्हणूनच केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले.

रस्त्यावर पायी चालणारा माणूस कोण असतो? बहुतेक वेळा तो आपलाच असतो. त्यामुळे सुरक्षिततेचा कायदा आपल्या विरोधातला नाही. ज्या तरुणांना गाडीचा सायलेन्सर फाडून वस्तीत आवाज करत फिरण्यात पुरुषार्थ वाटतो, त्यांची वकिली मी करणार नाही. जयंतीच्या मिरवणुकीत तसे केले तर मुळीच करणार नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. कायद्याने 'हे काम सुरक्षित आहे का?' असे विचारावे. आजचा कायदा विचारतो, 'हे कंपनीने केले आहे का?' हे दोन प्रश्न एक नाहीत. हात कुणाचा, यावरून काम शुद्ध की अशुद्ध ठरवण्याची सवय या देशाला जुनी आहे.

हाताचा विटाळ

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, हे कारण! विणकाम खात्यात पगार जास्त, म्हणून विटाळही तिथेच. गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. पुढे १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये त्यांनी दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी सरकारला दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या मुलांना विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून त्यांना घेण्याची मागणीही केली. पाना, लेथ आणि इंजिन आपल्या मुलांच्या हाती यावे हे बाबासाहेबांना राखीव जागांइतकेच महत्त्वाचे वाटत होते, हे आपण विसरलो आहोत.

गाडीचे गॅरेज ही त्या अर्थाने विलक्षण जागा आहे. कुर्ल्याच्या गॅरेजांच्या रांगा पाहा, पुण्याच्या नाना पेठेतला सुट्या भागांचा बाजार पाहा, हरियाणातील सिरसा जिल्ह्यातले मंडी डबवाली पाहा. लष्कराच्या लिलावातल्या जुन्या जीप आणि भंगारातले भाग जोडून पुन्हा धावणाऱ्या जीप उभ्या करण्यासाठी डबवाली देशभर ओळखले जाते. हा धंदा कुणाच्या जातीने ठरवून दिलेला नाही. मनुस्मृतीत मोटार मेकॅनिक नाही! मुसलमान उस्तादाच्या हाताखाली बौद्ध पोरगा शिकतो, त्याच्या हाताखाली धनगराचा, वंजाऱ्याचा पोरगा शिकतो. जातीबाहेरचे कौशल्य मिळवण्याची ही गरिबाची शाळा आहे.

आणि सरकार या शाळेला काय देते? सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यात अठरा व्यवसायांना प्रमाणपत्र, अवजारे आणि कर्ज मिळते. लोहार, सुतार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट अशी यादी आहे. गरजूंना मदत मिळते याबद्दल तक्रार नाही. पण अठरांत मोटार मेकॅनिक नाही. बापाच्या धंद्याला ओळखपत्र आणि बापाच्या धंद्यातून बाहेर पडलेल्याला काही नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, पूर्वीच्या अनुभवाला मान्यता देणारी कौशल्य योजना आहे. पण वीस वर्षे गाडीखाली झोपून शिकलेल्या मिस्त्रीने केलेल्या कामाला आरटीओच्या कागदावर जागा कुठे आहे?

बंद पोथी

आता कंपन्यांकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी जीप जन्मली. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी ती एकाच आराखड्यावर बनवली, त्यामुळे एकीचे बहुतेक भाग दुसरीला बसत. सैनिकाला रणांगणात साध्या हत्यारांनी दुरुस्त करता यावी अशी ती गाडी होती. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे खेड्यापाड्यांत वडाप म्हणून धावलेल्या जीप पिंपळाच्या झाडाखाली उघडल्या गेल्या आणि झाडाखालीच पुन्हा जुळवल्या गेल्या. ड्रायव्हरच मिस्त्री होता.

आज तशी स्थिती नाही. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ निकष लागू झाले. धूर कमी झाला, ही चांगलीच गोष्ट. पण इंजिनातला दोष आता कान लावून कळत नाही, त्यासाठी स्कॅनर लागतो. स्कॅनरला कंपनीचे सॉफ्टवेअर लागते, आणि काही कामांना कंपनीचा सांकेतिक शब्द लागतो. मॅन्युअल बाजारात मिळत नाही. मूळ सुटा भाग अधिकृत सेंटरलाच मिळतो, आणि बाहेर काम केले तर वॉरंटी गेली, अशी भीती घातली जाते.

हा माझा कल्पनाविलास नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग, तपासणीची साधने आणि तांत्रिक माहिती न देऊन या कंपन्यांनी बाजार कोंडून ठेवला, हा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्या अर्थातच वर गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपील लवादाने तीन कंपन्यांचा दंड कमी केला, पण मूळ निष्कर्ष कायम ठेवला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावर समिती नेमली. मोटारी आणि शेतीची यंत्रे तिच्या कक्षेत होती. डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टल सुरू झाले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने माहिती द्यावी अशी विनंती आणि न दिल्यास शिक्षा होईल असा हुकूम, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मालकाला मात्र विनंती नाही, त्याला थेट कैदेची धमकी!

जीपच्या मायदेशी काय झाले ते पाहा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली कायदा केला. अधिकृत डीलरला जी तपासणीची माहिती व साधने मिळतात तीच वाजवी किमतीत मालकाला व स्वतंत्र गॅरेजला मिळाली पाहिजेत, असा तो कायदा. भांडवलशाहीच्या माहेरघरी हे होऊ शकते, तर समाजवादी हा शब्द उद्देशिकेत असलेल्या देशात का नाही?

ज्यांच्या पूर्वजांना पोथी वाचण्याची बंदी होती, आणि वाचली तर शिक्षा होती, त्यांना ही रचना ओळखायला वेळ लागू नये. ज्ञान कुलपात ठेवायचे, कुलपाची किल्ली ठराविकांच्या हाती द्यायची, आणि बाहेरच्याने हात लावला की तो अपराधी! पोथीच्या जागी सॉफ्टवेअर आले, एवढाच फरक. तथागतांनी कालामांना सांगितले होते की ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून मानू नका, स्वतः तपासून पाहा. बॉनेट उघडून पाहणारा मालक हेच करीत असतो.

पंधरा हजार कुणाचे?

ऑफ-रोडिंग हा आता हौशी लोकांचाही खेळ आहे. २०१४ साली गोव्यात भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा सुरू झाली. विंच, स्नॉर्केल, डिफरन्शियल लॉक लावलेल्या गाड्या चिखलात उतरतात. आपली गाडी स्वतः उघडून जोडणारे हौशी मालक त्यांत असतात, आणि सुखवस्तू घरातला माणूस ग्रीसने हात काळे करतो याचे मला कौतुक आहे. श्रमाचा विटाळ असा कुठून तरी सुटला पाहिजे. पण प्रत्येक बदलामागे पाच हजार ही रक्कम त्यांच्यासाठी जेमतेम अर्ध्या टायरची किंमत असेल. वाडीतल्या माणसाच्या घरात ती मुलीच्या कॉलेजची फी असते. कागदावर समान असलेला दंड संसारात समान राहत नाही.

शिवाय विमा आहे. न कळवलेला बदल सापडला की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. एजंट हे पॉलिसी विकताना सांगत नाही.

काय करायचे?

मला चार गोष्टी सुचवायच्या आहेत. एक, दुरुस्तीच्या अधिकाराचा स्वतंत्र कायदा झाला पाहिजे. मॅन्युअल, स्कॅनरची माहिती आणि सुटे भाग वाजवी किमतीत, आणि मॅन्युअल मराठीसह भारतीय भाषांत मिळाले पाहिजे. दोन, कलम ५२ नुसार बदलांचे निकष ठरवण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने केंद्राला दिला आहे, आणि त्या निकषांप्रमाणे केलेल्या बदलाने कंपनीची वॉरंटी रद्द होणार नाही असेही कायद्यातच लिहिले आहे. दुर्गम भागातील वाहनांसाठी असे निकष केंद्राने ठरवावेत. उंची किती वाढवता येईल, टायर किती मोठा चालेल, हे आकड्यांत सांगावे. तीन, जिल्ह्याच्या ठिकाणी ब्रेक आणि स्टिअरिंगची तपासणी करून अशा बदलाचे पासिंग देणारी खिडकी असावी, आणि तिथे उत्तराला मुदत असावी. चार, अनुभवी मिस्त्रीच्या परीक्षेची सोय करून त्याच्या सहीला किंमत द्यावी.

आपल्या बाजूनेही काम आहे. समाजमंदिरात आणि विहारात स्पर्धा परीक्षेचे वर्ग भरतात, ते भरावेतच. पण वर्षातून चार रविवार तिथे एक जुने इंजिन ठेवा आणि वस्तीतल्या उस्तादाला शिकवायला बोलवा. मुलींनाही बसवा. त्याच वेळी कलम ५२ आणि कलम १८२-अ काय आहे हे कुणा वकिलाने सांगावे. मी यायला तयार आहे.

आमच्या धम्मबांधवांना मी काय सांगितले तेही सांगतो. लोखंडी गार्ड काढायला लावला, कारण तो चुकीचाच होता. मोठे टायर उतरवून नोंदणीतल्या मापाचे पण खोल नक्षीचे टायर घालायला सांगितले. जुने शॅकल परत बसले. ओढ्याच्या पाण्यावर उपाय म्हणून त्यांनी स्वतः एक युक्ती केली. डिफरन्शियलच्या हवेच्या नळीला रबरी पाइप जोडून तो बॉनेटपर्यंत वर आणला. आता पाण्यातून गेल्यावर ऑईल दुधासारखे पांढरे होत नाही. खर्च अगदी किरकोळ, रचनेत बदल शून्य. हे त्यांना कुठल्या सेंटरने सांगितले नव्हते, गाडीखाली झोपून त्यांनीच शोधले.

दंडाविरुद्ध आम्ही म्हणणे मांडले आहे. निकाल काय लागेल तो लागो. पण हे शोधणारे डोके आणि हे करणारे हात गुन्हेगाराच्या रांगेत उभे राहता कामा नयेत. त्यांच्या कामाची कठोर तपासणी जरूर करा. पण त्यांच्या हातातला पाना काढून घेण्याचा अधिकार कुणालाही नाही.

जय भीम!